पंडिता रमाबाई : आरोग्यदानाची ख्रिस्ती कल्पना आणि तिचा सामाजिक विस्तार

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या धर्मांतराची चर्चा बहुधा वादाच्या अंगाने झाली. तथापि त्यांच्या श्रद्धेचे स्वरूप 'बरे करणे' या ख्रिस्ती कल्पनेच्या आधारे अधिक स्पष्ट होते.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या विदुषी कन्येचे आईवडील दुष्काळाच्या दिवसांत निवर्तले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर विवाह केला. १८८२ मध्ये पतीही पटकीने दगावले. हंटर आयोगापुढे स्त्री डॉक्टरांची निकड मांडणाऱ्या रमाबाई १८८३ मध्ये वैद्यक शिकण्याच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. परंतु बहिरेपणामुळे तो मार्ग खुंटला.

लंडनमधील फुलम येथे पतित ठरवलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनींचे कार्य त्यांनी पाहिले. या सेवेमागील प्रेरणा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीच्या कथेत उमगली. यहुद्यांनी दूर ठेवलेल्या समाजातील, त्यातही चारित्र्याने लांच्छित मानलेल्या स्त्रीशी ख्रिस्त बोलतो. अशा स्त्रीचेही जीवन पुन्हा उभे राहू शकते, हा प्रत्यय त्यांच्यासाठी निर्णायक ठरला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या प्रत्ययाचा आचार मात्र टप्प्याटप्प्यानेच विस्तारला. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तेथे जातिनियम पाळण्याची मुभा होती. पुढे पुण्यात, १८९३ मध्ये, मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून गदारोळ झाला व अनेकींना घरी नेण्यात आले. आश्रित मुलींच्या धर्मस्वातंत्र्याचा तेव्हा उपस्थित झालेला प्रश्न क्षुल्लक नव्हता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात जातीची अट उरली नाही. तेथे पतित स्त्रियांसाठी कृपा सदन, तर अंधांसाठी बार्तीमी सदन उभे राहिले. ख्रिस्ताने दृष्टी दिलेल्या बार्तीमयाचे हे नाव सूचक आहे : डोळे परत देणे शक्य नव्हते, घर आणि काम देणे शक्य होते.

संस्कृतच्या या पंडितेने अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीकमधून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्यात घालवली. मुक्तीतील स्त्रियांनीच ते छापले. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाला. वैद्यकाचे दार बंद झालेल्या रमाबाईंची आरोग्यदानाची कल्पना अशा रीतीने आश्रयापासून अक्षरापर्यंत पोहोचली.