राजाचा अडलेला शब्द

ज्यांच्या घरी आजीच्या डब्यातले राजाछाप रुपये अजून जपून ठेवले असतील, त्यांनी एकदा ते हातात घेऊन पाहावेत. १९३८ नंतरच्या रुपयांवरचा मुकुटधारी चेहरा सहाव्या जॉर्जचा. रिझर्व्ह बँकेने १९३८ साली काढलेल्या पहिल्या नोटांवरही तोच. हा हिंदुस्थानचा शेवटचा सम्राट. सम्राट म्हणून तो इथे कधी आला नाही; दिल्लीत भरायचा त्याचा दरबार आधी लांबणीवर पडला आणि मग राहूनच गेला. जगाच्या पाव भागावर ज्याच्या नावाने राज्य चालत होते, त्या माणसाला ‘किंग’ हा चिमुकला शब्द उच्चारताना घाम फुटत असे.

त्याचा जन्म १४ डिसेंबर १८९५चा, सँड्रिंगहॅमचा. पणजी व्हिक्टोरिया राणीचा नवरा याच तारखेला वारला होता. तिचे मन राखण्यासाठी बाळाचे नाव आल्बर्ट ठेवले. घरात तो बर्टी. मूळचा डावखुरा, पण त्याला उजव्या हाताने लिहायला लावले. गुडघे आत वळलेले म्हणून पायांना पट्ट्या बांधल्या. थोरला भाऊ देखणा आणि बोलका, वडील नौदलाच्या शिस्तीचे. आठव्या वर्षाच्या सुमारास बर्टी अडखळू लागला, तेव्हा वडिलांनी समजूत काढली नाही, दटावले. ऑस्बोर्नच्या नौदल विद्यालयात शेवटच्या परीक्षेत त्याचा ६८ मुलांत ६८वा नंबर आला. निम्म्याचे निम्मे किती, या प्रश्नावर तो वर्गात गप्प राहिला म्हणतात. उत्तर त्याला येत होते, पण ‘क्वार्टर’मधला ‘क’ काही केल्या निघेना. मास्तरांनी मुलाला मठ्ठ ठरवले.

डावखुऱ्याचा हात बदलला की जीभ अडखळते, हे त्या काळी शास्त्रही मानू लागले होते. अमेरिकेत आयोवा येथे सॅम्युअल ऑर्टन आणि ली ट्रॅव्हिस यांनी तसे मांडले. हाच ऑर्टन डिस्लेक्सियाच्या अभ्यासातला एक आद्य पुरुष. हात बदलल्याने तोतरेपणा येतो हे पुढे सिद्ध झाले नाही. आज तज्ज्ञ आनुवंशिकतेकडे आणि मेंदूतल्या वाणीच्या जडणघडणीकडे बोट दाखवतात. वडिलांच्या धाकाने तोतरेपणा जन्माला येत नाही. पण धाकाने तो वाढतो, हे कोणत्याही घरात दिसेल.

बँकेच्या काउंटरवर मी असे ग्राहक पाहिले आहेत. रक्कम कशीबशी सांगतात, पण नाव विचारले की चिठ्ठी पुढे सरकवतात. इतर शब्द अडला तर दुसरा घेता येतो. नावाला दुसरा शब्द नसतो. राजाच्या मुलाला ‘राजा’ हा शब्द टाळून किती दिवस निभावता येणार?

१९२० साली तो ड्यूक ऑफ यॉर्क झाला आणि भाषणे मागे लागली. ३१ ऑक्टोबर १९२५ रोजी वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनाच्या समारोपात त्याला बोलायचे होते. ध्वनिक्षेपकापुढे शब्द अडत गेले, हजारो लोक अवघडून ऐकत राहिले. त्याआधी अनेक डॉक्टर होऊन गेले होते. आपल्याकडे वेखंड चाटवतात, तिकडे आणखी काही. निराशेची चव सगळीकडे सारखीच. आता कोणाकडेही जायचे नाही, असे त्याच्या मनाने घेतले. पत्नी एलिझाबेथने गळ घातली म्हणून १९ ऑक्टोबर १९२६ रोजी तो लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर १४६ नंबरच्या जागेत गेला.

तिथे बसलेला लायोनेल लोग डॉक्टर नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा हा माणूस वक्तृत्वाचा शिक्षक. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या, वाचा बिघडलेल्या सैनिकांना त्याने बोलते केले होते. त्याने श्वास तपासला, पोटाचे स्नायू तपासले, आणि सांगितले की बरे वाटेल, पण मेहनत तुमची. मग खिडकी उघडून एकेक स्वर पंधरा सेकंद लांबवायचा, कोमट पाण्याच्या गुळण्या, श्वासाचे व्यायाम, रोज तासभर. चौदा महिन्यांत ८२ भेटी झाल्या. उपचार म्हणून काय मिळाले असे विचाराल, तर हा आकडा आणि रोजचा तो तास. पत्नीही त्यात सहभागी झाली, ही गोष्ट मला औषधाइतकीच महत्त्वाची वाटते.

फळ लवकर दिसले. ९ मे १९२७ रोजी कॅनबेरा येथे ऑस्ट्रेलियाच्या संसदभवनाच्या उद्घाटनाला त्याने भाषण नीट पार पाडले. २०१०च्या ‘द किंग्ज स्पीच’ या चित्रपटाने मात्र पहिली भेट १९३०च्या दशकात ढकलली आणि सगळा उत्कर्षबिंदू १९३९च्या भाषणावर आणला. त्यातल्या शिव्यांच्या उपचाराला लोगच्या कागदपत्रांत आधार नाही. नाट्याला हे चालते. तोतऱ्या मुलाच्या आईबापांना मात्र त्यातून एका भाषणात गाठ सुटते असे वाटण्याचा धोका आहे.

डिसेंबर १९३६मध्ये भावाने गादी सोडली आणि बर्टी राजा झाला. कॅंटरबरीच्या आर्चबिशपने रेडिओवरून नव्या राजाच्या अडखळण्याचा उल्लेख केला. हेतू चांगला असेल, पण सगळ्या देशाचे कान त्याच गोष्टीवर लागले. १२ मे १९३७च्या राज्याभिषेकाआधी लोगने पुन्हा तालमी घेतल्या. ३ सप्टेंबर १९३९च्या संध्याकाळी, युद्ध जाहीर झाल्यावर, राजा मायक्रोफोनपुढे उभा राहिला तेव्हा लोग त्याच खोलीत होता. कागदावर कुठे थांबायचे त्याच्या खुणा केलेल्या होत्या. अवघड शब्द आधीच गाळून सोपे घातले जात. या भाषणातही थांबे जाणवतात. पण ऐकणाऱ्यांना ते गांभीर्याचे वाटले.

तोतरेपणा गेला नव्हताच. अठरा वर्षे हे काम चालू राहिले. १९४४च्या नाताळात राजा रेडिओवर बोलला तेव्हा लोग पहिल्यांदाच शेजारी नव्हता. तो आपल्या घरी सणाला बसला होता. वाचोपचार हा तोवर हक्काचा व्यवसाय होऊ पाहत होता. लोग त्या व्यावसायिकांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक, आणि राजाने तिचे आश्रयदातेपद स्वीकारले.

सप्टेंबर १९५१मध्ये कर्करोगामुळे राजाचे डावे फुफ्फुस काढले. आयुष्यभर ज्या श्वासावर मेहनत केली तोच आता पुरेना. त्या वर्षीचे नाताळचे भाषण थेट बोलणे शक्य नव्हते. ते आधीच, तुकड्या-तुकड्यांनी ध्वनिमुद्रित केले आणि जोडून ऐकवले. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी तो झोपेतच गेला. लोग त्यानंतर चौदा महिने जगला; १२ एप्रिल १९५३ रोजी त्याचेही निधन झाले.