एका रात्रीत तीन काळ : चार्ल्स डिकन्स

नाताळ जवळ आला की इंग्रजी चित्रपटांत एका तऱ्हेची कथा हमखास नवा वेष घालून येते. नायक गतकाळात जातो किंवा पुढचा काळ पाहून येतो. आपले कुठे चुकले हे त्याला उमगते आणि आयुष्य पुन्हा मांडण्याची एक संधी त्याला मिळते. या कथांचे मूळ शोधू लागलो तर बहुतेक वेळा आपण १८४३ सालच्या लंडनमध्ये, चार्ल्स डिकन्सच्या लिहिण्याच्या टेबलापाशी येऊन पोहोचतो.

डिकन्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी पोर्टस्मथ येथे झाला. वडील आरमाराच्या पगार कचेरीत कारकून. मिळकतीपेक्षा खर्च नेहमी जास्त. १८२४ साली कर्जापायी त्यांची रवानगी मार्शलसी तुरुंगात झाली. त्याच सुमारास बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला लागला. उंदरांनी पोखरलेली ती नदीकाठची इमारत. दिवसाचे दहा तास डब्यांवर कागद चिकटवायचे आणि आठवड्याला सहा शिलिंग घ्यायचे! काही महिन्यांनी वडील सुटले; पण मुलाने काम सोडू नये असे आईचे मत होते. वडिलांनी ते मानले नाही व त्याला शाळेत घातले. आईचे हे मत डिकन्स जन्मभर विसरला नाही. ज्या घरात पोराच्या शाळेपेक्षा त्याच्या मजुरीचा हिशेब आधी होतो, त्या घरातील मुलाला यात नवल वाटणार नाही. मला तर त्या आईचाही फार राग येत नाही. तुरुंगाची वाट पाहिलेल्या बाईला सहा शिलिंग काय असतात हे तिलाच ठाऊक.

पुढे वकिलाकडे कारकुनी, लघुलेखन, पार्लमेंटची वार्ताहरकी आणि चोविसाव्या वर्षी ‘पिकविक पेपर्स’ची सुरुवात. हा भाग सर्वांना परिचित आहे.

१८४३ साली खाणी-कारखान्यांतील मुलांच्या हालांविषयीचा सरकारी अहवाल त्याच्या वाचनात आला. त्यावर एक पत्रक काढावे असे त्याने ठरवले होते. मग बेत बदलून गोष्टच लिहिली. सुमारे सहा आठवड्यांत ‘अ ख्रिसमस कॅरल’ पुरी झाली. स्क्रूज हा कवडीचुंबक सावकार. नाताळच्या आदल्या रात्री तीन भुते येऊन त्याला भूत, वर्तमान आणि भविष्य दाखवतात. भूतकाळात त्याला काय दिसते? सुटीत सगळी मुले घरी गेल्यावर शाळेत एकटाच वाचत बसलेला एक मुलगा. तो मुलगा स्क्रूज असला तरी लेखकाच्या बालपणाचे एकटेपण त्यात उतरले आहे, असे मला वाटते. स्क्रूजला काळ बदलता येत नाही, तो फक्त पाहू शकतो. त्याच्या हाती उरते ती उद्याची सकाळ. आजचे कित्येक चित्रपट यंत्रात बसवून नायकाला मागे पाठवतात आणि घडलेलेच पुसून टाकतात. त्यापेक्षा डिकन्सची अट कठीण आणि म्हणून खरी.

१९ डिसेंबरला निघालेल्या सहा हजार प्रती नाताळपूर्वी संपल्या. मात्र छपाई इतकी खर्चिक की नफा अपेक्षेच्या मानाने अगदी थोडा झाला. चोरून छापणाऱ्यांवर खटला भरला, तो जिंकला आणि प्रतिपक्ष दिवाळखोर निघाल्याने कोर्टखर्च त्याच्याच अंगावर आला!

१९०१ साली इंग्लंडात या गोष्टीवर काही मिनिटांचा मूकपट निघाला. १९५१ चा अॅलिस्टर सिमचा ‘स्क्रूज’ आजही नावाजला जातो. फ्रँक काप्राच्या १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ची कथा वेगळी, तेथे देवदूत नायकाला तो जन्मलाच नसता तर जग कसे असते ते दाखवतो. कूळ मात्र तेच.

स्क्रूजला एका रात्रीत क्षमा देणारा हा लेखक स्वतःच्या घरी तितका उदार नव्हता. १८५८ साली, दहा मुलांच्या आईला, पत्नी कॅथरीनला, त्याने वेगळे केले आणि पुन्हा जवळ केले नाही. त्याच वर्षापासून तो गावोगाव पैसे घेऊन आपल्या गोष्टींचे जाहीर वाचन करू लागला. ‘कॅरल’ वाचताना सभागृहे हेलावून जात. १५ मार्च १८७० च्या अखेरच्या वाचनातही तीच गोष्ट होती. ९ जूनला तो वारला.

त्याआधीच्या, १८६९ च्या नाताळात घरी स्मरणशक्तीचा खेळ चालला होता. प्रत्येकाने आधीचे शब्द म्हणून आपला एक जोडायचा. आपली पाळी येताच डिकन्सने त्या पॉलिशच्या कारखान्याचे नाव आणि पत्ता जोडला. मुलांना त्याचा अर्थ कळला नाही. तो कळला वडिलांच्या मृत्यूनंतर, फॉर्स्टर या मित्राने लिहिलेले चरित्र छापून आले तेव्हा.