विश्लेषण : ‘द ट्वायलाइट झोन’च्या रॉड सर्लिंग यांनी विज्ञानकथेचा आडोसा का घेतला?

दर आठवड्याला नवी गोष्ट आणि नवी पात्रे. छोट्या पडद्यावर विज्ञानकथांचा हा प्रकार घरोघरी पोहोचवला तो ‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकी मालिकेने. तिचे कर्ते रॉड सर्लिंग यांना मात्र मुळात परग्रहवासीयांवर नव्हे, तर माणसांच्या द्वेषावर लिहायचे होते.

जडणघडण कशी झाली?

सर्लिंग यांचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजमध्ये, ज्यू कुटुंबात झाला. शाळा संपताच ते सैन्यात गेले. छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपिन्समध्ये लढले आणि जखमी झाले. डोळ्यांदेखत मित्र गेला. युद्धाच्या या आठवणी त्यांना आयुष्यभर छळत राहिल्या. परतल्यावर त्यांनी ओहायोतील अँटिऑक कॉलेजात शिक्षण घेतले, रेडिओसाठी लिहिले. १९५५ मधील ‘पॅटर्न्स’ या टीव्ही नाटकाने त्यांना नाव मिळवून दिले. पुढे त्यांच्या नावावर सहा एमी पुरस्कार जमा झाले.

अडचण कोणती होती?

१९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. आरोपी गोरे होते आणि ते निर्दोष सुटले. सर्लिंग यांनी त्यावर नाटक लिहिले. मात्र दक्षिणेकडील ग्राहक दुखावतील या भीतीने घटनास्थळ बदलण्यात आले, बळी पडणाऱ्याची ओळखही पुसण्यात आली. त्या काळी टीव्हीवर काय दाखवायचे, यात जाहिरातदारांचा शब्द चाले. जे थेट सांगता येत नाही ते यंत्रमानव आणि परग्रहवासी यांच्या तोंडून सांगितले तर कुणी हरकत घेत नाही, हे सर्लिंग यांनी हेरले.

मालिकेत काय होते?

२ ऑक्टोबर १९५९ रोजी सीबीएस वाहिनीवर मालिका सुरू झाली. १९६४ पर्यंत पाच पर्वांत १५६ भाग झाले, त्यांपैकी ९२ सर्लिंग यांनी स्वतः लिहिले. १९६० मधील मेपल स्ट्रीटची गोष्ट आजही आठवली जाते. गल्लीतील वीज जाते, शेजाऱ्यांत कुणीतरी परग्रहवासी लपला आहे अशी कुजबुज सुरू होते आणि पाहता पाहता माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात. खरे परग्रहवासी दूर टेकडीवरून गंमत पाहत असतात. त्यांनी फक्त वीज घालवलेली असते.

आपल्याशी संबंध काय?

या गोष्टीसाठी अमेरिकेत जाण्याची गरज नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्दमध्ये जादूटोण्याच्या संशयावरून गावातल्याच लोकांना बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे अशाच संशयाने दोघांचा जीव घेतला. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण कायदा येतो तो गुन्हा घडल्यावर, संशय मात्र त्याआधीच घरोघरी पोहोचलेला असतो.

अखेर कशी झाली?

मालिका संपल्यावर सर्लिंग यांनी आपले हक्क सीबीएसला विकून टाकले. पुनःप्रक्षेपणातून पुढे झालेली मोठी कमाई त्यामुळे त्यांच्या हाती लागली नाही. १९६८ च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चे ते सहपटकथाकार होते. नंतर इथाका कॉलेजात त्यांनी अध्यापनही केले. सिगारेट मात्र सुटली नाही. हृदयशस्त्रक्रियेनंतर २८ जून १९७५ रोजी, वयाच्या अवघ्या ५० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.