केन वॉटसन
केन वॉटसन (१९०४–१९८६) हे कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील कर्लिंगपटू, मार्गदर्शक आणि लेखक होते. ब्रायर ही कॅनडाची राष्ट्रीय पुरुष कर्लिंग स्पर्धा कर्णधार म्हणून तीन वेळा जिंकणारे ते पहिले खेळाडू होत. दगड सोडताना बर्फावर लांबवर घसरत जाण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेयही प्रामुख्याने त्यांना दिले जाते.

पार्श्वभूमी
कर्लिंग हा बर्फावर खेळला जाणारा, मूळचा स्कॉटलंडमधील खेळ आहे. चार-चार खेळाडूंचे दोन संघ ग्रॅनाइटचे जड दगड सरकवून ते समोरच्या वर्तुळांच्या केंद्राजवळ थांबवण्याचा प्रयत्न करतात. स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर हा खेळ कॅनडात आला आणि प्रेअरी प्रांतांच्या दीर्घ हिवाळ्यात तो लोकजीवनाचा भाग बनला. वॉटसन यांचा जन्म मॅनिटोबातील मिनेडोसा या गावी झाला. काही काळ त्यांनी शिक्षक म्हणून काम केले, पुढे ते विमा व्यवसायात गेले.

कारकीर्द
वॉटसन यांनी १९३६, १९४२ आणि १९४९ साली ब्रायर विजेतेपद मिळवले. या तिन्ही वेळी संघातील इतर खेळाडू बदलले, मात्र त्यांचे बंधू ग्रँट वॉटसन प्रत्येक विजेत्या संघात होते. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४३ ते १९४५ या काळात ब्रायर स्पर्धा झाली नाही. त्यामुळे वॉटसन यांच्या ऐन भरातील काही वर्षे राष्ट्रीय स्पर्धेविना गेली. याच सुमारास, १९४२ ते १९४७ अशी सलग सहा वर्षे, त्यांनी विनिपेगच्या प्रसिद्ध मॅनिटोबा बॉनस्पीलमध्ये सर्वसाधारण विजेतेपद राखले. त्यांचा तीन ब्रायर विजेतेपदांचा विक्रम पुढे १९६३ साली अर्नी रिचर्डसन यांनी चौथे विजेतेपद मिळवून मोडला. रिचर्डसन यांचा संघही सख्ख्या व चुलत भावांचा होता.

खेळशैली
त्या काळी बहुतेक खेळाडू पायाच्या आधारखाचेजवळूनच दगड सोडत असत. वॉटसन यांनी डाव्या बुटावरील रबरी आवरण काढून टाकले. त्यामुळे तो पाय बर्फावर सहज घसरू लागला आणि दगडाबरोबर पुढे जाताना नजर लक्ष्यावर अधिक काळ स्थिर ठेवता येऊ लागली. हे तंत्र झपाट्याने पसरले, पण त्यातून वादही उद्भवला. १९५० च्या दशकात काही तरुण खेळाडू इतक्या दूरवर घसरू लागले, की फेकीतील कौशल्यच नाहीसे होईल अशी भीती व्यक्त होऊ लागली. अखेरीस घसरण्यावर नियमांनी मर्यादा आली. आजच्या नियमानुसार दगड जवळच्या हॉग रेषेपूर्वी सोडावा लागतो. म्हणजेच घसरण्याचे तंत्र टिकले, परंतु मर्यादेसह.

मार्गदर्शन व लेखन
स्वतः आत्मसात केलेले तंत्र वॉटसन यांनी आपल्या संघापुरते राखून ठेवले नाही. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या 'केन वॉटसन ऑन कर्लिंग' या पुस्तकात त्यांनी फेक, डावपेच आणि संघभावना यांचे विवेचन केले. या पुस्तकाला मोठा वाचकवर्ग लाभला. शालेय विद्यार्थ्यांमध्ये खेळाचा प्रसार व्हावा यासाठीही ते प्रयत्नशील होते. शालेय मुलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५० सालीच झाली.

सन्मान
१९६९ साली कॅनडाच्या क्रीडा कीर्तिदालनात आणि १९७३ साली कॅनडाच्या कर्लिंग कीर्तिदालनात त्यांचा समावेश करण्यात आला.