उंबरठ्यावरील चित्रकार : सॉल बास

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठीं एक लहानसा भयपट तयार करावा, असें आम्हां कांहीं विद्यार्थ्यांच्या मनानें घेतलें. कथा ठरली, जुना वाडाही मिळाला. अडलें तें आरंभाच्या नामावलीशीं. रक्त ठिबकणारीं अक्षरें व घुबडाचा घूत्कार ह्यांपलीकडे आमची कल्पना जाईना, आणि तीं अक्षरें पाहून वर्गांतील पहिल्या बाकावरचीं मुलें चक्क हंसलीं! तेव्हां ह्या कलेचे जाणते कोण, ह्याचा शोध घेतां घेतां आम्ही सॉल बास ह्यांच्या चरित्रापाशीं येऊन पोहोंचलों. तें वाचकांस थोडक्यांत निवेदन करितों.

बास ह्यांचा जन्म ८ मे १९२० रोजीं न्यूयॉर्क शहरांत, पूर्व युरोपांतून आलेल्या एका यहुदी कुटुंबांत झाला. ब्रुकलिन कॉलेजांत त्यांस हंगेरियन कलावंत ग्यॉर्गी केपेश हे गुरु लाभले, व थोडक्या रेषांत पुष्कळ सांगण्याची दृष्टि तेथें तयार झाली. पुढें जाहिरातींचें काम करीत ते लॉस एंजेलिस येथें स्थायिक झाले.

त्या काळीं नामावली म्हणजे नुसती यादी. ती चालू असतां प्रेक्षक आपली जागा शोधीत. कित्येक चित्रगृहांत तर ती संपेपर्यंत पडदाही उघडीत नसत. १९५५ सालीं ऑटो प्रेमिंजर ह्यांच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ ह्या चित्रपटासाठीं बास ह्यांनीं काळ्या भूमीवर पांढऱ्या पट्ट्या सरकविल्या, आणि शेवटीं त्यांतूनच एक वेडावांकडा हात घडविला. मादक विषाच्या आहारीं गेलेल्या नायकाची सारी यातना त्या हातांत उतरली. नामावलीपूर्वींच पडदा उघडावा, अशी सूचना फितीच्या डब्यांवर चिकटवून धाडण्यांत आली!

मग आल्फ्रेड हिचकॉक ह्यांनीं त्यांस बोलाविलें. १९५८ च्या ‘व्हर्टिगो’मध्यें एका स्त्रीचे ओठ दिसतात, मग भ्यालेले डोळे, पडदा लाल होतो व बुबुळांतून गरगरणारीं वलयें निघतात. परंतु आमचें मन जडलें तें १९६० च्या ‘सायको’वर. त्याचा आरंभ आम्हीं सात वेळां पाहिला. एकदां आवाज बंद करून, एकदां डोळे मिटून नुसता ऐकला. करडे पट्टे आडवेउभे धांवतात, नांवें मधूनच चिरलीं जातात, क्षणभर जुळतात व पुन्हां तुटतात. साथीला बर्नार्ड हरमन ह्यांचीं केवळ तंतुवाद्यें. ना प्रेत, ना रक्त. तरी दुभंगलेल्या मनाची कथा पुढें येणार, हें छातींतील धडधड आधींच सांगते.

त्याच चित्रपटांतील स्नानगृहाच्या प्रसंगाचीं रेखाचित्रें बास ह्यांनीं काढलीं होतीं. तो प्रसंग आपणच दिग्दर्शित केला, असेंही ते पुढें म्हणत. बरोबरच्या मंडळींनीं तें नाकारिलें. आमच्या मतें रेखाचित्रांचें श्रेय कांहीं लहान नव्हतें. अधिक मागण्याचें कारण नव्हतें.

१९६१ सालीं त्यांचा विवाह त्यांच्या सहकारी एलेन ह्यांच्याशीं झाला, व पुढील काम दोघांनीं मिळून केलें. ‘व्हाय मॅन क्रिएट्स’ ह्या लघुपटास ऑस्कर पारितोषिक मिळालें. परंतु मुंग्यांविषयींचा ‘फेज फोर’ हा त्यांनीं दिग्दर्शित केलेला एकमेव मोठा चित्रपट १९७४ सालीं साफ पडला. नामावलीच्या कामासही ओहोटी लागली होती. व्यापारी संस्थांचीं बोधचिन्हें करण्यांत बरींच वर्षें गेलीं. सत्तरीच्या घरांत असतां मार्टिन स्कॉर्सेसी ह्यांनीं ह्या दांपत्यास पुन्हां पाचारण केलें. १९९१ च्या ‘केप फिअर’मध्यें थरथरणाऱ्या पाण्यांतून त्यांनीं जी भीति उभी केली, ती तरुणांसही साधली नसती. २५ एप्रिल १९९६ रोजीं लॉस एंजेलिस येथें बास निवर्तले.

आमच्या नव्या नामावलींत घुबड नाहीं. वाड्याच्या जिन्याच्या कठड्याची सांवली भिंतीवरून सरकते, व तिच्या गजांमधून नांवें दिसून नाहींशीं होतात. दिवा धरणाऱ्याचा हात मात्र मध्येंच हलला आहे. तेवढें दृश्य पुन्हां घ्यावें लागेल.