मुळांच्या श्वासाचा अभ्यासक : सर अल्बर्ट हॉवर्ड

ऑक्टोबर सरत आला की नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्यांची आवक वाढू लागते. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडच्या बागांतून येणाऱ्या या फळामागची एक गोष्ट शहरी गिऱ्हाइकाच्या सहसा ध्यानात येत नाही. ज्या झाडाला ही संत्री धरली, त्या झाडाचे पाणी बागाईतदाराने आदल्या हिवाळ्यात जाणूनबुजून तोडलेले असते. याला ताण देणे म्हणतात. झाडाची पाने मलूल होतात, काही गळूनही पडतात आणि मग पाणी सोडले की फांद्या फुलांनी लगडतात. मृग बहार धरायचा असेल तर हाच प्रकार ऐन मे महिन्यात होतो. इकडे तीच संत्री पिशवीत घालून घरी परतलेला नागपूरकर मात्र बाल्कनीतल्या कोरफडीला रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी घालतो. कोरफड पिवळी पडून बुडाशी मऊ झाली की पाणी कमी पडले असे समजून तो आणखी एक तांब्या ओततो.

झाडाला पाण्याइतकीच मुळांशी हवाही लागते, हे ज्या माणसाने पुराव्यानिशी मांडले तो विदर्भातला नव्हता आणि कुंड्यांतील झाडांचा तज्ज्ञ तर मुळीच नव्हता. सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव आज सेंद्रिय शेतीच्या जनकांपैकी एक म्हणून घेतले जाते. परंतु त्यांच्या भारतातील २६ वर्षांच्या कामाकडे बारकाईने पाहिले, तर घरातल्या झाडांविषयी आपण मुकाट्याने पाळत असलेले कितीतरी नियम त्या कामापुढे टिकत नाहीत, असे दिसते.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, शेतकरी कुटुंबात झाला. लंडन आणि केंब्रिज येथे शिक्षण घेऊन १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीज बेटांवर बुरशीशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. ऊस आणि कोको यांवरील रोगांचा अभ्यास हे त्यांचे काम होते. तेथेच त्यांना एक गोष्ट खटकू लागली. रोगी पाने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ते अहवाल लिहीत होते. पण स्वतःचे म्हणावे असे एकही शेत त्यांच्याकडे नव्हते. जो सल्ला आपण इतरांना देतो तो स्वतःच्या जमिनीवर कधी पारखून पाहिलेला नाही, ही टोचणी त्यांना पुढे जन्मभर पुरली.

१९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे नव्याने सुरू झालेल्या कृषी संशोधन संस्थेत सरकारी वनस्पतीशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथेई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हॉवर्ड यांच्या चरित्रात गॅब्रिएल यांना पत्नी म्हणून एक परिच्छेद देऊन मोकळे होण्याची पद्धत आहे. ती अन्यायाची आहे. केंब्रिजमध्ये फ्रेडरिक ब्लॅकमन यांच्याबरोबर काम करताना या बाईंनी पान किती प्रकाशात आणि किती तापमानात किती कर्बवायू शोषते याची काटेकोर मोजमापे केली होती. १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजमापांच्या आधारे ब्लॅकमन यांनी पुढच्याच वर्षी मर्यादक घटकाचा सिद्धान्त मांडला. वाढीला लागणाऱ्या गोष्टींपैकी जी सर्वांत अपुरी असेल तीच वाढ रोखून धरते. बाकीच्या गोष्टी कितीही वाढवल्या तरी उपयोग होत नाही, असे तो सांगतो.

दिवाणखान्यातील झाडांना हा सिद्धान्त जसाच्या तसा लागू पडतो. खिडकीपासून दहा फूट आत, पडद्याआड ठेवलेल्या कुंडीला कमी पडतो तो प्रकाश. तिथे दर पंधरा दिवसांनी खत घालावे हा पाकिटावरचा नियम निरर्थक ठरतो. झाड ते खत वापरू शकत नाही; क्षार तेवढे मातीत साचत जातात. थंडीत वाढ थबकलेल्या झाडाचेही तेच. पानांवर रोज पाण्याचा फवारा मारावा, म्हणजे झाडाला दमट हवा मिळते, हा आणखी एक लोकप्रिय नियम. तो दमटपणा काही मिनिटांत विरून जातो. फवारणाऱ्याला समाधान मिळते, पानावरची धूळही थोडी उतरते. मात्र ती ओल्या फडक्याने अधिक चांगली निघते.

पुसाला हॉवर्ड दांपत्याचे नाव झाले ते गव्हाच्या नव्या वाणांमुळे. पुसा ४ आणि पुसा १२ हे वाण उत्तर भारतात दूरवर पसरले. पण या दोघांचे लक्ष हळूहळू दाण्यावरून मुळांकडे वळत गेले. बिहारमधील निळीचे पीक त्या काळी मर रोगाने हैराण झाले होते. झाडे उभी सुकत आणि जो तो रोगजंतूचा शोध घेई. हॉवर्ड यांनी झाडे मुळासकट काळजीपूर्वक खणून काढली. पावसाळ्यात चिकणमाती पाण्याने भरून गेल्यावर मातीतील हवा संपत होती आणि गुदमरलेली बारीक मुळे मरत होती. जमिनीत पाणी असूनही ते वर चढवायला मुळेच उरत नव्हती. ओल्या मातीत मलूल झालेले झाड पाहून पुन्हा पाणी घालणारा शहरी माणूस नेमकी हीच गफलत करतो. पान लवले म्हणजे तहान लागली हा नियम अर्धाच खरा आहे. आधी मातीत दोन पेरे बोट खुपसून पाहिले म्हणजे उरलेले अर्धे कळते.

जमिनीला श्वास घेता यावा म्हणून हॉवर्ड यांनी पुसाला एक साधा उपाय करून पाहिला. फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या त्यांनी मातीत मिसळल्या. घट्ट गाळाची जमीन मोकळी झाली आणि पिके जोमाने आली. आपल्याकडेही कुंडी भरताना खापऱ्या वापरतात. मात्र त्यांचा थर तळाशी देण्याचा प्रघात आहे, म्हणजे पाणी चांगले निथरते असे म्हणतात. मातीच्या भौतिकशास्त्राला हे मान्य नाही. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते थराच्या वरच अडून राहते. म्हणजे तळाच्या खापऱ्यांमुळे ओली माती मुळांच्या आणखी जवळ येते आणि कुंडीची खोली विनाकारण घटते. भोक मोकळे असावे, त्यावर फार तर एक खापरी तिरपी ठेवावी. बाकीच्या बारीक करून मातीत कालवाव्यात, एवढेच.

१९१० पासून उन्हाळ्याचे महिने हॉवर्ड दांपत्य बलुचिस्तानातील क्वेट्टा येथे काढू लागले. तेथे पाऊस थोडा, पाणी कालव्याचे आणि शेतकऱ्यांना ते वारंवार देण्याची सवय. पेरणीपूर्वी एकदाच भरपूर पाणी द्यावे आणि नंतर वरचा थर मोकळा ठेवून ती ओल जपावी, म्हणजे गहू उत्तम येतो, हे त्यांनी करून दाखवले. थोडे-थोडे रोज देण्यापेक्षा भरपूर आणि क्वचित पाणी देणे बरे, हे कुंडीलाही लागू आहे. रोजच्या अर्ध्या पेल्याने वरची माती सतत ओली राहते आणि तळ कोरडाच. क्वेट्टाची फळे दूरच्या शहरांत पोहोचेपर्यंत टोपल्यांतच चेंगरत आणि कुजत, म्हणून हवा खेळेल अशा पेट्या तयार करण्याचे कामही त्यांनी केले. कळमन्यासारख्या बाजाराचा व्यवहार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

पुन्हा पुसाला आंबा, पेरू, लिची, सीताफळ अशा झाडांची मुळे वर्षभर खणून पाहण्याचा उद्योग सुरू होता. एकाच झाडाला जमिनीलगतच्या आणि खोलवरच्या अशा दोन प्रकारच्या मुळ्या असतात आणि ऋतूप्रमाणे त्या आळीपाळीने काम करतात, हे या खोदकामातून दिसले. कोरड्या उन्हाळ्यात खोल मुळ्या झाडाला जगवतात. भर पावसात वरच्या मुळ्या हवेच्या शोधात पृष्ठभागाकडे येतात. हे निष्कर्ष १९२५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केले. ताण दिलेले संत्र्याचे झाड मरत का नाही, याचे निम्मे उत्तर या खोल मुळ्यांत आहे. अर्थात कुंडीत खोलीच नसते. त्यामुळे विदर्भातील बागाईतदाराची हिकमत उचलून गॅलरीतल्या तुळशीला महिनाभर कोरडे ठेवण्याचा प्रयोग कोणी करू नये.

पुसात मात्र हॉवर्ड यांची घुसमट वाढत होती. तेथे वनस्पतीशास्त्र, बुरशीशास्त्र, कीटकशास्त्र असे स्वतंत्र विभाग होते आणि एका विभागाने दुसऱ्याच्या हद्दीत डोकावायचे नाही असा शिरस्ता होता. निरोगी जमिनीतील पिकावर कीड फारशी टिकत नाही, असे शेतात दिसत असताना ते अधिकाराने बोलण्याची सोय हॉवर्ड यांना नव्हती. कीड हा शत्रू नसून लागवडीतील चूक दाखवणारा परीक्षक आहे, अशी त्यांची धारणा बनत गेली. त्यांचे बैल लाळ्या-खुरकूत झालेल्या शेजारच्या जनावरांना नाक लावत आणि तरीही निरोगी राहत, याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. शास्त्रीय कसोटीला हा पुरावा अपुराच. पण माणूस त्या दिवसापासून बदलला.

१९२४ मध्ये पुसा सोडून ते इंदूरला आले. होळकरांच्या दरबाराने तीनशे एकर जमीन दिली. कापूस समिती आणि मध्य भारतातील संस्थानांनी पैसा पुरवला. येथे विभागांच्या भिंती नव्हत्या. चीनमधील शेतकरी शतकानुशतके काडीकचरा जमिनीला परत देत आले, हे एफ. एच. किंग यांच्या पुस्तकात हॉवर्ड यांनी वाचले होते. त्याला भारतीय शेतकऱ्यांच्या रीतींची जोड देत पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठराविक दिवसांनी ते परतून, सुमारे ९० दिवसांत खत तयार करण्याची पद्धत त्यांनी बसवली. तीच इंदूर पद्धत. १९३१ मध्ये ती पुस्तकरूपाने आली तेव्हा मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव होते. आज इंदूर पद्धतीविषयी बोलताना वाड यांची आठवण क्वचितच निघते. गोऱ्या साहेबाने आपल्या भारतीय सहकाऱ्याचे नाव पुस्तकावर घातले आणि पुढच्या पिढ्यांनी मात्र ते विसरून टाकले, असा हा उफराटा प्रकार आहे.

या पद्धतीत न मोडणारा नियम एकच आहे : ढिगात हवा खेळली पाहिजे आणि ओल पिळलेल्या फडक्याइतकी हवी. विकतची जिवाणूंची पावडर, महागडा डबा यांवाचून काही अडत नाही. जुन्या ढिगातले मूठभर खत विरजणासारखे पुरते. संत्र्याच्या साली खतात घालू नयेत, असा एक समज नागपूरकडेही ऐकू येतो. थोड्या प्रमाणात, बारीक करून, सुक्या पानांबरोबर घातल्या तर त्याही कुजून माती होतात.

एप्रिल १९३५ मध्ये गांधीजींनी इंदूरची ही संस्था पाहिली आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मधून कंपोस्टची पद्धत वाचकांपर्यंत पोहोचवली. तेव्हा त्यांचा मुक्काम नागपूरहून जवळच, वर्ध्याला होता. हॉवर्ड मात्र तोवर भारतात उरले नव्हते. १९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले आणि पंचवीस वर्षांची सोबत तुटल्यावर त्यांनी वर्षभरातच निवृत्ती घेतली. गॅब्रिएल यांची बहीण लुईझ यांच्याशी त्यांनी पुढे विवाह केला. १९३४ मध्ये सर हा किताब मिळाला. त्याच वर्षीच्या भूकंपात पुसाच्या इमारती कोसळल्या आणि ती संस्था नंतर दिल्लीला हलली.

इंग्लंडमध्ये परतल्यावरचे हॉवर्ड निराळे आहेत. आसामातील चहामळे आणि केनियातील कॉफीमळे इंदूर पद्धत उचलत होते. पण कृषी संशोधक त्यांना दाद देईनात. मग त्यांची भाषा कडवट होत गेली. १९४० मध्ये आलेले त्यांचे गाजलेले पुस्तक ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ त्यांनी गॅब्रिएल यांना अर्पण केले. रासायनिक खत सरसकट वाईट आणि सुपीक मातीत रोग उद्भवतच नाही, इतक्या टोकाला ते गेले. यातले दुसरे विधान आजच्या ज्ञानाशी जुळत नाही. विषाणू आणि काही किडी उत्तम मातीतल्या झाडालाही गाठतात. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर माती सुधारण्याची वाट पाहत बसू नये. साबणाच्या पाण्याने तो त्याच दिवशी पुसून काढावा. पण मुंगी दिसली की औषध आणि पान पिवळे पडले की फवारा, हा नियम मात्र खुशाल सोडावा. मुळांचा अभ्यासक हॉवर्ड आजही खरा ठरतो. उतारवयातला प्रवचनकार हॉवर्ड तपासून घ्यावा लागतो.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. भारताला स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. इंदूरची संस्था पुढे कृषी महाविद्यालय झाली. लुईझ यांनी पतीच्या भारतातील कामाची हकीकत १९५३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि त्यात आपल्या दिवंगत बहिणीच्या वाट्याचे काम कोणते, याचीही नोंद ठेवली.