धर्मानंद कोसंबी : मराठीतून पालीकडे आणि पुन्हा मराठीकडे

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात पाली भाषेचाही समावेश होता. पण मराठीच्या आनंदोत्सवात पालीची वार्ता फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. या दोन भाषांचे नाते जोडण्यासाठी ज्याने आपले अवघे आयुष्य वेचले, त्या धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण या निमित्ताने व्हायला हवे. एकाहून अधिक भाषा कशासाठी शिकायच्या, या प्रश्नाचे उत्तर आज बहुधा नोकरी, परदेशगमन आणि पगार या शब्दांत दिले जाते. धर्मानंदांच्या चरित्रात या प्रश्नाला अगदी वेगळे उत्तर सापडते.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. घरी कोकणी, शिक्षण मराठीत आणि तेही अगदी जुजबी. प्रकृती नाजूक होती, घरची नारळीची बागायत सांभाळायची होती, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लग्नही लहान वयातच झाले. एखाद्या खेडेगावातील गृहस्थाचे जीवन त्यांच्यापुढे आखून ठेवलेले होते. पण मराठी वाचनाची गोडी लागली आणि त्या गोडीने ही आखणी मोडून टाकली.

१८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी गौतम बुद्धावरील एक लेख वाचला. मिशनऱ्यांनी चालविलेल्या त्या मासिकातील छोट्याशा लेखाने वीस-एकवीस वर्षांच्या या तरुणाच्या मनाची अशी काही पकड घेतली, की बुद्धाचा धर्म समजून घेणे हेच आयुष्याचे ध्येय ठरले. अडचण एकच होती. मराठीत याविषयी जे काही उपलब्ध होते, त्याने ही तहान भागण्याजोगी नव्हती. मातृभाषेने प्रश्न दिला होता; उत्तर मात्र दुसऱ्या भाषांत होते.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या विद्वानाचा परिचय आणि आधार लाभला. बौद्ध ग्रंथांपर्यंत जायचे तर आधी संस्कृतचा पाया पक्का हवा, म्हणून ग्वाल्हेरमार्गे त्यांनी काशी गाठली. अन्नछत्रात जेवून, मिळेल तेथे राहून त्यांनी शास्त्र्यांपाशी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे १९०२ मध्ये ते नेपाळात गेले, पण तेथे जे शोधत होते ते मिळाले नाही. नंतर बुद्धगयेला आल्यावर मूळ बौद्ध ग्रंथ शिकायचे असतील तर सिंहलद्वीपाखेरीज मार्ग नाही, असे त्यांना कळले. त्याच वर्षी ते कोलंबोला पोचले आणि तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली श्रामणेर होऊन पालीचे विद्यार्थी बनले.

येथे पालीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलात ती सिंहली लिपीत लिहिली जाते, ब्रह्मदेशात ब्रह्मी माणसांच्या लिपीत, सयाममध्ये सयामी लिपीत. लंडनमध्ये १८८१ साली स्थापन झालेली पाली टेक्स्ट सोसायटी हे ग्रंथ छापत होती, ते रोमन लिपीत. ज्या भूमीत बुद्धाने उपदेश केला, त्या भूमीतील वाचकाला मात्र हे वाङ्मय आपल्या परिचयाच्या अक्षरांत सहजासहजी वाचायला मिळत नव्हते. त्यामुळे एका भाषेसाठी धर्मानंदांना अनेक लिप्या आत्मसात कराव्या लागल्या. सिंहलातून ते मद्रासमार्गे ब्रह्मदेशात गेले. तेथील विहारांत राहून त्यांनी ध्यान आणि अध्ययन दोन्ही केले. परका मुलूख, न मानवणारा आहार, बिघडणारी प्रकृती आणि कमरेला कवडी नाही, अशा स्थितीत ही विद्या त्यांनी मिळविली. इंग्रजीही त्यांनी शाळेच्या बाकावर बसून नव्हे, तर पुढे स्वतःच्या खटपटीने संपादन केली.

१९०६ मध्ये ते कलकत्त्यास आले आणि तेथे पालीचे अध्यापन करू लागले. भिक्षूची वस्त्रे उतरवून ते गोव्यास गेले, सुमारे सात वर्षांनी पत्नी आणि मुलीला भेटले. या सात वर्षांचा हिशेब चरित्रकाराने टाळू नये. एका माणसाच्या ज्ञानसाधनेची किंमत घरात राहिलेल्या बाळाबाईंनीही मोजली होती, आणि त्यांच्या नावावर कोणताही ग्रंथ जमा झालेला नाही.

कलकत्त्यात स्थिर होण्याची संधी होती. विद्यापीठातील जागा होती, मान होता, पगारही चांगला होता. पण पाली शिकलो ती महाराष्ट्राला बुद्ध सांगण्यासाठी, आणि आपण तर बंगालमध्ये बसलो आहोत, ही बोच धर्मानंदांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. महाराष्ट्रात कोठेही राहावे, वर्षाला एक पुस्तक संस्थानासाठी लिहावे, आणि त्याबद्दल दरमहा ५० रुपये घ्यावेत. कलकत्त्यातील उत्पन्नापुढे ही रक्कम अगदीच तुटपुंजी होती. धर्मानंदांनी ५० रुपये पसंत केले. भाषेची जोपासना म्हणजे काय, हे सांगण्यासाठी या एका निर्णयाहून मोठा दाखला शोधावा लागत नाही. या काळात ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे छोटेखानी पुस्तक मराठीत आले.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी झालेल्या परिचयातून १९१० मध्ये ते अमेरिकेस गेले. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेला हा गोमंतकीय गृहस्थ हार्वर्डमध्ये एका अत्यंत अवघड कामासाठी बोलावला गेला होता. बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा पाचव्या शतकातील पाली ग्रंथ हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने संपादनासाठी हाती घेतला होता. १८९९ मध्ये वॉरन यांचे निधन झाल्याने ते काम अपुरे राहिले होते. सिंहली आणि ब्रह्मी लिपींतील पाठ ताडून पाहायचे, संस्कृतच्या आधारे शब्दांची शुद्धता ठरवायची, पाली परंपरेतील अर्थ लावायचा आणि हे सारे इंग्रजी जाणणाऱ्या सहकाऱ्यांसमवेत पार पाडायचे, असे ते काम होते. कोलंबोच्या आणि ब्रह्मदेशाच्या विहारांत कमावलेली एकेक लिपी येथे उपयोगी पडली. प्राध्यापक लानमन यांच्याशी मतभेद झाले, काम रखडले, आणि त्यासाठी धर्मानंदांना पुनःपुन्हा अमेरिकेस जावे लागले. तो ग्रंथ हार्वर्डच्या प्राच्यविद्या मालेत प्रसिद्ध झाला तो १९५० मध्ये, धर्मानंदांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. सुदैवाने त्याच ग्रंथाची त्यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने १९४० मध्येच प्रकाशित केली होती. सिंहली, ब्रह्मी आणि रोमन अक्षरांतून फिरून आलेला ग्रंथ अखेर भारतीय वाचकाच्या अक्षरांत उतरला होता.

१९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पुढे बौद्ध विद्येत मोठे नाव मिळविणारे डॉ. पु. वि. बापट हे त्यांच्याच शिष्यपरंपरेतील. १९२२ नंतर महात्मा गांधींनी स्थापन केलेल्या अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी काम केले. अमेरिकेतील वास्तव्यात ते रशियन शिकले होते. १९२९ मध्ये लेनिनग्राडला जाऊन त्यांनी तेथेही पाली शिकविली. परत आले ते मिठाच्या सत्याग्रहात उडी घेऊन तुरुंगात गेले. मुंबईच्या परळ भागात कामगार आणि दलित वस्तीसाठी ‘बहुजन विहार’ उभा राहिला, तोही त्यांच्याच पुढाकाराने. त्यांच्या विद्येला बंद खोलीत राहणे कधी मानवले नाही.

एवढ्या भाषा शिकून हाती काय आले, याचे उत्तर त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात आहे. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी अशी चार दृश्ये पाहून राजपुत्र सिद्धार्थाला वैराग्य आले आणि पत्नी व पुत्र झोपेत असताना त्याने मध्यरात्री गृहत्याग केला, ही कथा आपण सर्वांनी शाळेपासून ऐकलेली आहे. धर्मानंदांनी मूळ पाली सुत्ते तपासली. चार दृश्यांची कथा तेथे विपस्सी नावाच्या एका पूर्वीच्या बुद्धाविषयी सांगितलेली आढळते. ‘अरियपरियेसन सुत्ता’त तर आईवडील समोर रडत असताना आपण घर सोडले, असे स्वतः बुद्धच सांगतात. आणि ‘अत्तदण्ड सुत्ता’त गृहत्यागाच्या मुळाशी असलेली अस्वस्थता दिसते, ती शस्त्रे उगारून एकमेकांशी झगडणाऱ्या माणसांना पाहून आलेली. यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि त्यातून उद्भवणारी हिंसा हेच गृहत्यागाचे कारण असावे, असा तर्क त्यांनी मांडला. याच रोहिणीच्या तंट्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रातही मध्यवर्ती स्थान आहे. सर्वांना मान्य होईल असा हा तर्क नसेलही. पण भाषांतरांवर विसंबून राहणाऱ्याला तो सुचलाच नसता. दुसऱ्याने सांगितलेली कथा मुळाशी जाऊन पारखण्याचे सामर्थ्य, ही भाषा शिकण्याची खरी कमाई होय.

आणि हे सारे त्यांनी लिहिले ते मराठीत. जगातील मोठ्या विद्यापीठांतून वावरलेल्या या पंडिताची भाषा साधी, सरळ आणि खेड्यातील शिक्षकालाही कळेल अशी आहे. ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘बौद्ध संघाचा परिचय’, ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ ही पुस्तके आणि ‘निवेदन’ हे आत्मचरित्र त्याची साक्ष देतात. साहित्य अकादमीच्या प्रयत्नाने ‘भगवान बुद्ध’ पुढे इतर अनेक भारतीय भाषांत गेले. एकेकाळी बुद्धाविषयी पुरेसे सांगू न शकणारी मराठी आता इतर भाषांना देणारी झाली होती.

भाषांचा हा वारसा घरातही उतरला. सुपुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डमध्ये शिकले, गणिती आणि इतिहासकार म्हणून जगन्मान्य झाले आणि भर्तृहरीच्या सुभाषितांचे चिकित्सक संपादनही त्यांनी केले. तान्ही असताना पित्याला दुरावलेल्या माणिकनेही पुढे अमेरिकेत उच्च शिक्षण घेतले.

आयुष्याच्या अखेरीस धर्मानंद जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माच्या चिंतनात रमले होते. शरीर थकल्यावर त्यांनी अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला. स्वातंत्र्य अवघ्या अडीच महिन्यांवर आले होते.

आज पालीला अभिजातपणाचा सन्मान मिळाला आहे. सन्मानाबरोबर विद्यार्थीही मिळाले, तरच त्याला अर्थ राहील. मराठीच्या अभिमानाने इतर भाषांकडे पाठ फिरविणे आणि इतर भाषांच्या मोहाने मराठीकडे पाठ फिरविणे, या दोन्ही वाटा आपल्याकडे पुरेशा मळलेल्या आहेत. सांखवाळहून निघालेला माणूस या दोहोंपैकी एकाही वाटेने गेला नाही. तो दूरवर गेला, मिळविले ते घेऊन घरी आला आणि ते सर्वांना वाटून मोकळा झाला.